व्रत मोडल्यानंतर

कोणत्याही मराठी पुस्तकांच्या दुकानात व्यक्तिमत्त्व विकासाचा एक कप्पा हमखास असतो. त्यातली बहुतेक पुस्तके निश्चय कसा करावा हे सांगतात : ध्येय लिहून काढा, पहाटे पाचला उठा, मनाशी शंभरदा घोका. अकराव्या दिवशी जाग सात वाजता आली तर काय करायचे, याबद्दल ती फारसे बोलत नाहीत. बोललीच तर निश्चय कच्चा होता, एवढेच. प्रत्यक्षात माणसे अडकतात ती याच अकराव्या दिवशी. पाडव्याला खर्रा सोडलेला माणूस रामनवमीपर्यंत नेटाने तग धरतो, मग कुणाच्या आग्रहाला बळी पडून चिमूटभर तोंडात टाकतो आणि संध्याकाळी त्याच्या खिशात अख्खी पुडी असते. एखादा माळकरी लग्नाच्या पंगतीत चुकतो आणि घरी येऊन माळच काढून खुंटीला टांगतो. दोन्हीकडे पहिली चूक लहान होती, तिच्यामागून आलेला निर्णय मोठा. माणसाच्या घडण्यात निश्चयाच्या क्षणाला आपण जेवढे महत्त्व देतो, तेवढे त्याला नाही. निश्चय मोडल्यानंतरच्या काही तासांत माणूस स्वतःशी काय बोलतो, यावर बरेच अधिक ठरते. मानसशास्त्राला हे गेल्या पन्नास वर्षांत प्रयोगांतून उमगले. आपल्याकडच्या एका परंपरेने मात्र त्याचा बारकाईने हिशेब हजारेक वर्षांपूर्वीच मांडून ठेवला होता, आणि तिच्या पोथ्यांची महत्त्वाची भांडारे वाशिम जिल्ह्यात आहेत.

कारंजा (लाड) हे गाव बहुतेक मराठी माणसांना नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ठाऊक असते. दत्तभक्तांची तिथे रीघ असते. त्याच गावात बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठा संघ अशा तीन दिगंबर जैन परंपरांची मंदिरे आहेत. तिथल्या भट्टारकांनी, म्हणजे मठप्रमुखांनी, आणि व्यापारी श्रावकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली हस्तलिखिते आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे हिरालाल जैन यांनी या भांडारांचा अभ्यास केला आणि कारंजा जैन ग्रंथमालेतून अपभ्रंश भाषेतील अनेक ग्रंथ जगापुढे आणले. त्यांतला ‘सावयधम्मदोहा’ १९३२ साली छापला गेला. हिरालाल जैन यांनी तो दहाव्या शतकातील देवसेनांचा मानला. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना तो अपभ्रंशासाठी मोलाचा वाटला, पण त्याचा विषय अगदी घरगुती आहे : दुकान चालवणाऱ्या, संसार करणाऱ्या गृहस्थाने रोजच्या जगण्यात काय पाळावे. याच गावात १९१८ मध्ये ब्रह्मचारी देवचंद, म्हणजे पुढचे आचार्य समंतभद्र, यांनी महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू केला. शालेय शिक्षण आणि व्रतस्थ दिनक्रम यांची सांगड घालण्याचा तो प्रयत्न होता. म्हणजे वैयक्तिक विकास हा विषय कारंज्याला काही नवा नाही. तिथे तो निराळ्या नावाने आणि बऱ्याच अधिक शिस्तीने शिकवला जात होता.

या परंपरेत गृहस्थाची व्रते मुळातच लहान, म्हणजे अणुव्रते असतात. मुनीने पूर्ण पाळायचे ते गृहस्थाने झेपेल तेवढे पाळायचे. त्यापुढची गोष्ट अधिक लक्षवेधी आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात सातव्या अध्यायात व्रते सांगून झाली की प्रत्येक व्रताला कुठे कुठे तडा जाऊ शकतो, याचीही यादी येते. प्रत्येकाचे पाच अतिचार. अहिंसेच्या व्रताखाली जनावर बांधून ठेवणे, मारणे, त्याचा अवयव छेदणे, त्याच्यावर पेलणार नाही इतके ओझे लादणे आणि त्याचे दाणापाणी तोडणे असे पाच. अचौर्याखाली खोटी मापे आणि भेसळ. ही यादी कुणा अरण्यातल्या तपस्व्यासाठी नाही, बैलगाडी हाकणाऱ्यासाठी आणि काटा धरणाऱ्यासाठी आहे. जिथे कापसाची गाडी येते आणि तराजू लागतो, त्या पेठेत माणूस नेमका कुठे घसरेल हे तिला ठाऊक आहे. नियम देतानाच तो कुठे मोडेल याचा नकाशा हातात द्यायचा, ही दृष्टी आजच्या प्रेरणादायी भाषणांत अभावानेच सापडते. तिथे अपयशाचा उच्चारच अपशकुन मानला जातो.

अतिचार हीही एका उतरंडीतली एक पायरी आहे. आचार्य अमितगतींच्या सामायिक पाठात, आणि इतरही ग्रंथांत, घसरणीच्या चार अवस्था सांगितल्या आहेत. मनाची शुद्धी ढळली तो अतिक्रम. मर्यादा ओलांडायला निघाला तो व्यतिक्रम. प्रत्यक्ष विषयाला स्पर्श झाला तो अतिचार. आणि त्यातच बुडून गेला, व्रताची लाजच उरली नाही, तो अनाचार. धुऱ्यावर चरणारा बैल शेजारच्या उभ्या तुरीकडे मान वर करून पाहतो, मग कुंपणाशी येतो, मग फटीतून तोंड घालून दोन शेंगा ओढतो, आणि शेवटी कुंपण मोडून आत शिरतो. राखणदार पहिल्या तीन ठिकाणी हाकारा देऊ शकतो. दोन शेंगा गेल्याच आहेत तर पीकही जाऊ दे, असे कोणताही राखणदार म्हणत नाही. स्वतःच्या मनाच्या बाबतीत मात्र आपण सर्रास तसेच म्हणतो. या चार पायऱ्यांचे मोल असे, की त्या चुकीला नाव देतात आणि आकारही देतात. चिमूटभर खर्रा आणि रोजच्या पाच पुड्या यांच्यात अंतर आहे, एवढे मान्य केले तरी माघारी फिरायला जागा उरते.

प्रयोगशाळेत ही गोष्ट दिसली ती गंमतशीर रीतीने. १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी काही विद्यार्थिनींना चवीचा अभ्यास आहे असे सांगून आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीम हवे तितके खा म्हणून समोर ठेवले. खाण्यावर ताबा ठेवण्याचा आग्रह नसलेल्या मुलींनी मिल्कशेकनंतर साहजिकच कमी आइस्क्रीम खाल्ले. ज्या एरवी कसोशीने मोजूनमापून खात, त्यांनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर उलट अधिक खाल्ले. पोट भरले होते, पण आजचा नियम मोडला म्हणजे आजचा दिवसच गेला, असा हिशेब मनाने करून टाकला होता. अशा प्रयोगातल्या मोजक्या विद्यार्थिनींवरून साऱ्या मानवजातीबद्दल बोलू नये, हे खरे. पण दारू आणि तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसोबत काम करणारे अॅलन मार्लट दुसऱ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचले. १९८५ मध्ये ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह संपादित केलेल्या ग्रंथात त्यांनी एकदा पाय घसरणे आणि पुन्हा पुरते व्यसनात बुडणे या दोन वेगळ्या घटना मानल्या. पहिलीपासून दुसरीकडे नेणारा पूल माणूस स्वतः बांधतो, ‘माझ्यात दमच नाही’ या वाक्याने. त्यांच्या पद्धतीत रुग्णाला निसरड्या जागा आधीच ओळखायला शिकवतात, म्हणजे प्रत्येकाची स्वतःची अतिचारांची यादीच करायला लावतात.

याला आणखी एक आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज ठरावीक वेळी करायची एक साधी गोष्ट निवडायला सांगितली आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिले. २०१० मध्ये निष्कर्ष छापून आले. एकवीस दिवसांत सवय लागते, हे आपल्याकडच्या शिबिरांतले आवडते वाक्य त्यात टिकले नाही. मधला आकडा ६६ दिवसांचा होता आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ पर्यंत बदलत होता. आपल्या विषयाला अधिक उपयोगी ठरतो तो त्यांचा दुसरा निष्कर्ष : एखादा दिवस चुकला तर सवय लागण्याच्या प्रक्रियेवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. शरीर आणि मेंदू एक खाडा सहज माफ करतात. माफ करत नाही तो आपला आत्मसन्मान, कारण आपण त्याला अखंडतेच्या अटीवर उभे केलेले असते.

ही अट काढून टाकण्याचे काम मराठीत सर्वांत चिकाटीने कुणी केले असेल तर प्रा. कि. मो. फडके यांनी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, ती फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून आत्मसात केली आणि महाराष्ट्रात रुजवली. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेमार्फत हा विचार पुढे असंख्य मराठी घरांत गेला. एलिस यांनी एपिक्टेटस या ग्रीक तत्त्वज्ञाचे ऋण उघडपणे मान्य केले होते. एपिक्टेटस रोमन साम्राज्यात गुलाम म्हणून वाढला. घटनांपेक्षा घटनांबद्दलची आपली मते आपल्याला अस्वस्थ करतात, हे त्याचे म्हणणे. एलिस यांनी त्याला व्यवहारी धार दिली : कृतीचे मूल्यमापन जरूर करा, ती कृती करणाऱ्या अख्ख्या माणसाचे करू नका. ‘मी आज व्यायाम चुकवला’ हे तपासता येते, सुधारता येते. ‘मी आळशी माणूस आहे’ याचे काहीच करता येत नाही, कारण त्यात दुरुस्त करण्याजोगा एकही भाग नाही. अमितगतींच्या पाठातली घसरणीची प्रतवारी आणि एलिस यांची ही विभागणी एकाच कामाला उपयोगी पडतात. दोन्ही चूक लहान करून सांगत नाहीत, तिला तिच्या जागेवर ठेवतात.

यावर पहिला आक्षेप घरातली वडीलधारी मंडळी घेतील, आणि तो वजनदार आहे : चुकीला एवढी सवलत दिली तर माणूस सोकावेल. मनाला दोन चाबूक ओढल्याशिवाय ते वठणीवर येत नाही, ही आपली जुनी समजूत. ती तपासून पाहिली गेली आहे. कॅनडातील मायकेल वोल, टिमथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २०१० मध्ये लिहिले, की पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या टाळाटाळीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी टाळाटाळ केली. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांच्या २०१२ च्या प्रयोगांत, अवघड चाचणीत कमी पडल्यावर स्वतःकडे सहानुभूतीने पाहायला सांगितलेल्यांनी पुढच्या चाचणीसाठी अधिक वेळ अभ्यास केला. कारणही समजण्यासारखे आहे. स्वतःची लाज वाटली की माणूस आधी त्या विषयाकडे पाहणेच टाळतो, वही उघडतच नाही. अर्थात माफी आणि विसर या एक नव्हेत. जैन परंपरेत आलोचनेनंतर, म्हणजे चुकीच्या कबुलीनंतर, प्रायश्चित्त आहे. तत्त्वार्थसूत्रात त्याचे नऊ प्रकार येतात, चूक बोलून दाखवण्यापासून ते मुनीची दीक्षा कमी करण्यापर्यंत आणि काही काळ संघाबाहेर ठेवण्यापर्यंत. पण त्या यादीच्या शेवटी आहे ती उपस्थापना, म्हणजे पुन्हा दीक्षा देऊन आत घेणे. शिक्षा चढत जाते, दार मात्र उघडे राहते.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा असेल. सामायिक, म्हणजे ठरावीक वेळ समभावाने बसणे, आणि प्रतिक्रमण, म्हणजे घडलेल्या दोषांकडे वळून पाहणे, ही मोक्षमार्गावरची साधने. त्यांना पहाटे उठण्याच्या किंवा वजन कमी करण्याच्या कामाला जुंपणे हे तत्त्वज्ञानाचे अवमूल्यन झाले. शिवाय प्रतिक्रमणाच्या पाठात आत्मनिंदाही आहे, जी एलिस यांना मुळीच रुचली नसती. हे दोन्ही मुद्दे मान्य करायला हवेत. कर्म आणि निर्जरा, म्हणजे कर्मांचा क्षय, यांचा विचार बाजूला ठेवून या परंपरेचा अर्थ लावता येत नाही, आणि ‘आपल्याकडे मानसशास्त्र आधीच होते’ ही छाती फुगवण्याची तऱ्हा तर दोन्ही बाजूंवर अन्याय करते. तरीही एक गोष्ट उरते. श्रद्धा वेगळी असो, ध्येय वेगळे असो, माणसाचे मन निश्चय मोडल्यावर कसे वागते हे तेच राहते. अठ्ठेचाळीस मिनिटे एका जागी बसून आज काय झाले ते क्रमाने आठवणे, चुकीला तिच्या मापाचे नाव देणे, आणि उद्यासाठी ठरावीक मुदतीचा एक छोटा त्याग ठरवणे, ही रचना ज्यांनी घडवली त्यांनी हजारो गृहस्थांच्या घसरणी जवळून पाहिल्या असणार. ते निरीक्षण उसने घेताना सिद्धान्त मान्य केल्याचे सोंग आणायची गरज नाही. पीटर गोलविट्झर यांनी नव्वदच्या दशकात दाखवले, की ‘अमुक प्रसंग आला तर मी तमुक करीन’ असा नेमका बेत मोघम इच्छेपेक्षा पुष्कळ अधिक वेळा तडीस जातो. गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही हेच आढळले. मुदत आणि मर्यादा घालून घेतलेले प्रत्याख्यान, म्हणजे त्यागाचा संकल्प, याच जातीचे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण, आणि वाशिममध्ये बसून लिहिताना तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या सहा जिल्ह्यांसाठी खास पॅकेज जाहीर केले, त्यांत वाशिम होता. २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही तो आला. सोयाबीन काढणीला आले असताना पाऊस कोसळतो, भाव पडतो, बँकेचा आणि सावकाराचा हप्ता मात्र तारखेला येतो. अशा माणसाला स्वतःशी नीट बोलायला शिका म्हणणे ही क्रूर थट्टा नाही काय? पावसाचे आणि बाजाराचे ओझे त्याच्या मनावर ढकलून व्यवस्थेला मोकळे सोडण्याचाच हा डाव नाही काय? धोका खराच आहे. सेंधिल मुल्लइनाथन, एल्डार शफीर आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतील ऊस उत्पादकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. तेच शेतकरी पीक हाती येण्यापूर्वीच्या टंचाईत विचारशक्तीच्या चाचण्यांमध्ये मागे पडत होते आणि सुगीनंतर पुढे येत होते. त्या निष्कर्षांवर पुढे वादही झाले. पण चणचण स्वतःच मनाची ताकद खाते, हा त्याचा गाभा कुणाही कर्जदाराला पटेल. निश्चय मोडणे हे कित्येकदा खिशाच्या रिकामपणाचे लक्षण असते, चारित्र्याचे नव्हे.

मात्र इथेच ती जुनी प्रतवारी वेगळ्या कामाला येते. अतिचार म्हणायला आधी माणसाने काही केलेले असावे लागते. अवकाळी पावसात भिजलेले सोयाबीन हा कुणाचाच अतिचार नाही. आपल्या खेड्यांत नेमकी इथे गफलत होते. पीक बुडाले की माणूस पराभूत ठरतो, पोरीचे लग्न लांबले की बाप नालायक ठरतो, आणि हा निवाडा गावाआधी तो स्वतःच देऊन टाकतो. काय माझ्या हातून घडले आणि काय माझ्यावर कोसळले, यांची वाटणी केल्याने भाव वाढत नाही. पण हमीभावासाठी रस्त्यावर उतरायलाही ती वाटणी लागते, कारण स्वतःलाच गुन्हेगार समजणारा माणूस दाद मागत नाही. म्हणून मनाची निगा आणि धोरणाची लढाई यांना एकमेकींच्या विरोधात उभे करणे मला चुकीचे वाटते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाच्या कार्यक्रमात गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी नैराश्याबद्दल घरोघर बोलणे सुरू केले. ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त २०१७ मध्ये आलेल्या अहवालानुसार अठरा महिन्यांत मदत घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. सहापट वाढ. तरी चारांतले जवळजवळ तीन जण मदतीविनाच राहिले, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे.

आणि मग प्रश्न येतो साक्षीदाराचा. आलोचना परंपरेने गुरूसमोर करायची असते. एकट्याने केलेला हिशेब माणूस एक तर फार सैल ठेवतो किंवा फार कडक. एलिसपंथी समुपदेशक काय, मार्लट यांचे व्यसनमुक्ती गट काय, ऐकणारा दुसरा माणूस सगळीकडे आहे. खेड्यात हीच गोष्ट अवघड, कारण तिथे सांगितलेले सर्वांचे होते. राज्य सरकारच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत, वाशिमसह, आशा सेविकांनी घरोघर जाऊन ताणाखालची माणसे ओळखावीत आणि त्यांना समुपदेशनापर्यंत न्यावे, अशी आखणी झाली. २०२२ पासून १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येते. जीव नकोसा झालेल्या माणसाने व्रतांच्या आणि सवयींच्या गोष्टी बाजूला ठेवून आधी तो फिरवावा. पण रोजच्या लहान घसरणींसाठी सरकारी क्रमांक पुरणार नाही, आणि तो त्यासाठी नाहीही. तिथे लागतो तो असा एखादा भाऊ किंवा मैत्रीण, जी ‘पुन्हा खाल्लास ना?’ असे न विचारता ‘किती वाजता खाल्लास, आणि तेव्हा सोबत कोण होतं?’ असे विचारील. या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर असते. बहुतेकदा ते एखाद्या चौकाचे किंवा पानटपरीचे नाव असते, आणि उद्या तिकडून न जाता दुसऱ्या रस्त्याने घरी येता येते.